आळस द्यावा ऐसपैस

मराठीत आळस करणे निराळे आणि आळस देणे निराळे. आळस करणारा अंथरुणात लोळत पडतो; आळस देणारा अंथरुणातून उठतो. हा वाक्प्रचार ज्या कोणी प्रथम वापरला त्याला शरीराची मोठी पारख असली पाहिजे. रात्रभर अंगात मुरलेला आळस दोन्ही हात डोक्यावर नेऊन, पाठीची कमान करून, तोंडाने एखादा दीर्घ हुंकार काढून कोणाला तरी देऊन टाकायचा आणि मोकळे व्हायचे. तो कोणाला द्यायचा, हे मात्र भाषा सांगत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो आपल्यालाच दिला जात आहे असे वाटत असावे. नाहीतर 'देवासमोर आळस देऊ नकोस', 'पाहुण्यांपुढे अंग मोडू नकोस', 'तिन्हीसांजेला जांभया कसल्या देतोस' अशा आज्ञा घरोघर पिढ्यान्पिढ्या सुटल्या नसत्या.

दिवाळी अंकात फराळावर, रोषणाईवर आणि हरवलेल्या बालपणावर लिहिणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांची पाने त्यांना लखलाभ असोत. आम्ही यंदा आळोखेपिळोख्यांवर लिहायचे ठरवले आहे. विषय क्षुल्लक वाटेल; पण वाचकांनी दोन पाने धीर धरावा. या क्षुल्लक क्रियेचा धागा धरून चालत गेले की माणूस थेट सुख म्हणजे काय, या प्रश्नाच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

आळस द्यावा तो जनावरांनीच. नवी मुंबईतल्या कोणत्याही सेक्टरात सकाळी सहाच्या सुमारास खाली उतरा. उभ्या मोटारीखालून एखादे गावठी कुत्रे बाहेर येते. आधी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून छाती जमिनीला लावते, शेपटीकडचा भाग उंच करते, मग सगळे अंग पुढे ओढून मागचा एकेक पाय सावकाश झटकते आणि शेवटी जांभई देऊन जगाकडे पाहते. सोसायटीच्या भिंतीवरची मांजरी आधी पाठीचा उंट करते आणि मग तोच उंट उलटा करून पोट खाली सोडते. वातानुकूलन यंत्राच्या खोक्यावर बसलेले कबुतर एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणते, मग दुसऱ्या बाजूचा. त्याच वेळी तिथून ठरलेल्या फेऱ्या मोजत चाललेली माणसे मनगटावरच्या घड्याळात पावले किती झाली ते पाहत असतात. कोण अधिक सुखी, असा प्रश्न त्या क्षणी मनात आल्यावाचून राहत नाही.

शास्त्रज्ञांनी या क्रियेकडे फार दिवस लक्ष दिले नाही. गेल्या चाळीसएक वर्षांत मात्र थोडे दिले आहे. ए. एफ. फ्रेझर या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने १९८९ साली प्राण्यांच्या आळोख्यापिळोख्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि २०११ साली ब्राझीलच्या लुईझ बेर्तोलुची यांनी या क्रियेचे शरीराला प्रयोजन काय, याची मीमांसा केली. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की आळस देताना आपण स्नायू नुसते ओढत नाही. ते आधी आतून घट्ट आवळतो आणि आवळलेले असतानाच लांब करतो. झोपेत, विशेषतः स्वप्ने पडत असताना, अंगाचे बहुतेक स्नायू ढिले पडलेले असतात. जागे झाल्यावर हे सारे यंत्र पुन्हा एकदा फिरवून, सांधे आणि स्नायूंवरची आवरणे नीट सरकतात की नाही हे पाहून मगच शरीर दिवसाला सामोरे जाते. मोटार रस्त्यावर काढण्यापूर्वी चालक जसा ब्रेक दाबून पाहतो, तसलाच हा प्रकार. त्यासाठी कोणी शिकवावे लागत नाही. आईच्या पोटातले मूलसुद्धा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच अंग ताणते आणि जांभई देते, हे ध्वनिलहरींच्या यंत्रावर दिसलेले आहे. म्हणजे पहिले रडू फुटण्याच्या किती आधी आपण पहिला आळस दिलेला असतो पाहा.

व्यायामापूर्वी ठरवून अंग ताणण्याचा जो रिवाज आहे त्याचे भाग्य मात्र एवढे थोर नाही. अशा ताणण्याने दुसऱ्या दिवशीची अंगदुखी फारशी टळत नाही, असे या शतकाच्या आरंभीपासूनच्या अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. याचा अर्थ योगासने फुकट, असा कोणी काढू नये. आसनांची गोष्टच वेगळी. तीत श्वास आहे, स्थैर्य आहे, मन आहे. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला आरंभ केला आणि पुण्याला राहून बी. के. एस. अय्यंगारांनी आसने साऱ्या जगाला शिकवली. पण त्या आसनांची नावे तरी पाहा! मार्जारासन, अधोमुख श्वानासन, उष्ट्रासन, भुजंगासन. मांजर, कुत्रे, उंट, साप हे आमचे गुरू. महिन्याची फी भरून आपण जे शिकायला जातो ते मोटारीखालचे कुत्रे रोज पहाटे विनामूल्य करून दाखवत असते.

आता मुद्द्याकडे येऊ. आळस देणारे जनावर सुखी असते काय?

गोठा सांभाळलेल्या माणसाला विचारा. निजलेले वासरू उठवले, की ते पाठ खाली दाबून, मान लांब करून अंग ताणते. तसे त्याने केले की गोठेवाला निर्धास्त होतो. उठल्यावर जे वासरू पाठीची पोक काढून, कान पाडून नुसते उभे राहते त्याच्याकडे तो पुन्हा वळून पाहतो; ते दूध पिईल की नाही याची त्याला शंका येते. पशुवैद्यही हीच खूण मानतात. दुखणे सुरू झाले की जनावराचे उठल्यावरचे आळोखेपिळोखे बहुधा थांबतात. दुखण्याला तोंड देणाऱ्या शरीराला ही चैन परवडत नाही, असे म्हणा हवे तर.

पण म्हणून आळस दिसला की सुख समजावे, इतके हे सोपे नाही. 'अंग मोडून येतंय' असे आजी म्हणाली की घरात थर्मामीटर शोधला जातो. चरकाचार्यांनी ज्वराच्या पूर्वलक्षणांत जांभई आणि अंग मोडून येणे ही दोन्ही सांगितली आहेत. त्याच चरकाचार्यांनी जे तेरा वेग माणसाने अडवू नयेत म्हणून बजावले, त्यांतही जांभई आहेच. तेव्हा देवघरासमोर जांभई दाबणाऱ्या नातवाची बाजू आयुर्वेदाने घेतलेली आहे, हे आजोबांनी लक्षात ठेवावे. एकंदरीत खूण एकच, पण अर्थ प्रसंगावरून ठरायचा. झोपून उठल्यावरचा आळस निराळा, तापाच्या आधीचा निराळा आणि व्याख्यानाच्या दुसऱ्या तासातला तर त्याहून निराळा.

मग जनावराचे सुख मोजायचे कशाने? या प्रश्नाला एका सरकारी समितीने जे उत्तर दिले ते मोठे मासलेवाईक आहे. १९६४ साली इंग्लंडात रूथ हॅरिसन या बाईंनी 'ॲनिमल मशीन्स' नावाचे पुस्तक लिहिले आणि कोंबड्या, वासरे, डुकरे कारखान्यातल्या मालासारखी कशी वाढवली जातात, ते लोकांपुढे मांडले. केवढा गहजब झाला! सरकारला प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या समितीने १९६५ साली जो अहवाल दिला त्यात पाळीव जनावराला निदान पाच गोष्टी करण्यापुरती मोकळीक हवी, असे म्हटले होते: उठणे, बसणे, वळणे, अंग साफ करणे आणि हातपाय ताणणे. पुढे १९७९ साली आणि त्यानंतर या पाच गोष्टींचा विस्तार होऊन भूक-तहान, वेदना, भीती यांपासून मुक्तता अशा मोठ्या गोष्टी त्यांत आल्या. परंतु साऱ्याची सुरुवात झाली ती या साध्या यादीपासून. सुखाची व्याख्या करायला बसलेल्या विद्वानांना शेवटी आळोख्यापिळोख्यांची आठवण झाली, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

कारण ती साधी गोष्टसुद्धा कोट्यवधी जिवांच्या नशिबी नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्या ज्या तारेच्या पिंजऱ्यांत ठेवतात, त्यांत एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर असते. कचेरीत वापरतात तो ए-फोर कागद ६२३ चौरस सेंटिमीटरांचा; म्हणजे कोंबडीचे घर त्याहूनही लहान. मेरियन डॉकिन्स आणि सिल्व्हिया हार्डी यांनी १९८९ साली कोंबड्यांची वरून छायाचित्रे घेऊन मोजमाप केले. नुसते पंख ताणायला कोंबडीला ६५३ ते १,११८ चौरस सेंटिमीटर जागा लागते, असे त्यांना आढळले. हिशेब वाचकांनीच करावा. त्याच्या दोन वर्षे आधी ख्रिस्तीन निकोल यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. काही आठवडे अडचणीत ठेवलेल्या कोंबड्या मोकळ्या जागेत सोडल्या, तर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळा पंख ताणतात आणि फडफडवतात. जणू इतके दिवस द्यायचा राहिलेला आळस त्या व्याजासकट चुकता करतात. जे करायला मिळाले नाही ते कोंबडी विसरत नाही. तिच्या अंगात त्याची बाकी जमत जाते.

युरोपीय संघाने असले उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्या देशातला प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा तर १९६० सालचा; राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ज्या तळमळीने तो विषय लावून धरला त्याचे ते फळ. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणे हा त्याच्या अकराव्या कलमान्वये अपराध आहे. २०१७ साली विधि आयोगाने कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर एक स्वतंत्र अहवालही दिला. कायदा आहे, अहवाल आहे आणि अंड्याचा भाव चार आण्यांनी वाढला तर कुरकुरणारे आपणही आहोत. असो.

कोंबडीच्या पिंजऱ्यातून नजर काढून ठाण्याच्या खाडीकडे वळवली तर जिवाला बरे वाटते. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत ऐरोली, वाशी, नेरूळच्या कडेने रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. एका मोसमात लाखाच्या वर पक्षी मोजले गेले आहेत. २०१५ साली खाडीचा एक भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. हे पक्षी उथळ पाण्यात तासन्तास मान खाली घालून खातात आणि मधूनच एक पंख व एक पाय मागे ताणून आळस देतात. गंमत पुढेच आहे. जोडीदार शोधण्याचा हंगाम आला, की याच आळसाचे नृत्य होते! शेकडो पक्षी एकत्र येऊन ठेक्यात चालतात, माना डावी-उजवीकडे फिरवतात, पंख फाडकन उघडून मिटतात आणि पाय-पंख ताणून दाखवतात. नृत्यातल्या पुष्कळशा मुद्रा अंग साफ करण्याच्या आणि आळस देण्याच्या साध्या हालचालींवरून घडलेल्या आहेत, असे पक्षिशास्त्र सांगते. कुत्र्यांचेही तसेच. दुसऱ्या कुत्र्याला 'चल, खेळू या' असे सांगताना कुत्रे पुढचे पाय पसरून वाकते. त्या वाकण्यात आणि सकाळच्या आळसात फार फरक नसतो. अंगाला बरे वाटण्याची जी हालचाल, तीच दुसऱ्या जिवाशी मैत्री करण्याची भाषा होते. सुखाच्या स्वरूपावर यापेक्षा चांगले भाष्य आमच्या वाचनात नाही.

मात्र या नर्तकांनाही विश्रांतीला जागा लागते. भरती आली की खाडीचा चिखल बुडतो आणि पक्षी सीवूड्स-नेरूळच्या कडेच्या उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका तळ्यात भरतीचे पाणी शिरेनासे झाले, तळे सुकले आणि त्या सुमारास काही रोहित पक्षी मेलेले सापडले. पाण्याच्या वाटा बुजल्याची तक्रार पक्षिमित्रांनी केली. एवढ्या मोठ्या आकाशाचा धनी असलेला पक्षी. पण ओहोटी येईपर्यंत एका पायावर उभे राहण्यापुरते पाणी नसेल तर त्याला आकाश असून काय उपयोग?

आणि माणूस? माणसाच्या बाबतीत आपली भाषाच संशयी आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे मध्यमवर्गाचे आद्य सूत्र. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' हा पाहुण्याला दिलेला इशारा. पाय पसरणे म्हणजे उधळपट्टी, हात पसरणे म्हणजे भीक, अंग चोरणे म्हणजे कामचुकारपणा. आणि तरीही गाडीत अंग चोरूनच बसायचे. हार्बरच्या गाडीत तीन माणसांच्या बाकावर जी 'चौथी सीट' असते, तीवर बसलेल्या गृहस्थाला किती चौरस सेंटिमीटर जागा मिळते, हे ब्रॅम्बेल समितीने येऊन मोजावे, अशी आमची नम्र सूचना होती; पण ती समिती केव्हाच विसर्जित झाली आहे. त्या गृहस्थाचा अर्धा भार बाकावर आणि अर्धा परमेश्वरावर असतो. वाशी, सानपाडा, जुईनगर करीत तो घरी पोहोचतो, दार उघडतो, पिशवी टाकतो आणि दोन्ही हात वर नेऊन जो आळस देतो, तो निकोलबाईंच्या कोंबडीनेच ओळखावा.

त्याच सानपाड्याच्या अलीकडे कृषी उत्पन्न बाजार समितीचा बाजार आहे. मुंबईतला घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने इथे आला आणि त्याबरोबर माथाडी कामगार आले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि १९६९ साली त्यांच्यासाठी राज्यात स्वतंत्र कायदा झाला. पन्नास किलोंहून जड गोणी पाठीवर देऊ नका, ही त्यांची मागणी अनेक वर्षांची. गाडी रिकामी झाली की माथाडी कमरेवर दोन्ही हात ठेवून मागे वाकतो आणि क्षणभर आभाळाकडे पाहतो. तो क्षण कोणाच्या हिशेबात धरलेला नसतो. आम्हांला विचाराल तर श्रमाची प्रतिष्ठा मोजायचे माप तेच: ओझे उतरल्यावर पाठ सरळ करायला किती अवधी मिळाला?

संस्कृत कोशकार 'सुख' या शब्दाची एक फोड सांगतात. 'सु' म्हणजे चांगले आणि 'ख' म्हणजे पोकळी. रथाच्या चाकाला आस बसवण्यासाठी जे भोक असते ते चांगले असले, की चाक न घासता फिरते; ते सुख. ते वाईट असले की कुरकुरते, ते दुःख. 'ख' म्हणजे आकाशही. चाकाच्या भोवती किंवा माणसाच्या भोवती फिरायला पुरेशी मोकळी जागा असणे म्हणजे सुख, असा अर्थ काढला तर पंडित रागावणार नाहीत अशी आशा आहे.

हा अर्थ मनात ठेवून नवी मुंबईकडे पाहावे. हे गाव वसले तेच मुळी मुंबईला हातपाय पसरायला जागा हवी म्हणून. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे प्रमुख वास्तुरचनाकार झाले. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी बेलापूरला जी वसाहत आखली, कलाग्राम ऊर्फ 'आर्टिस्ट्स व्हिलेज', ती जाऊन पाहण्यासारखी आहे. जेमतेम साडेपाच हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे. जमिनीचे तुकडे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. पण युक्ती अशी, की कोणत्याही घराची भिंत शेजारच्या घराशी जोडायची नाही, सात-सात घरांच्या मध्ये एक चौक सोडायचा आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडे आकाश ठेवायचे. पैसे जमतील तसे घर वाढवावे. अंथरूणच असे शिवायचे, की पुढे पाय लांब झाले तर तेही लांब करता यावे! मूळची घरे आता फारशी उरलेली नाहीत. लोकांनी ती पाडून मोठी बांधली. काहींच्या मते वास्तुरचनाकाराचा हा पराभव. आम्हांला तर ती त्याच्या कल्पनेची पावतीच वाटते. घराने आळस दिला, इतकेच.

पण एकाने पाय पसरले की दुसऱ्याला आवरते घ्यावे लागतात, हेही याच भूमीने पाहिले आहे. नवी मुंबई वसली ती पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर. आगरी-कोळ्यांची भातखाचरे, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा त्यात गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना झाली ती त्या आंदोलनाच्या रेट्यानेच. आपल्या ऐसपैस दिवाणखान्यात तंगड्या ताणून बसताना कोणाच्या ओसरीवर आपण पाय पसरले आहेत, हे विसरू नये. भटाची ती म्हण आपल्यालाही लागू पडते.

येथपर्यंत वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की कोंबड्या, रोहित, माथाडी, शेतकरी हे सारे ठीक आहे, पण माझ्या घरात काय? घरातलाच प्रश्न शेवटी ठेवला आहे.

गोठेवाल्याची परीक्षा आपल्या घराला लावून पाहा. सकाळी उठल्यावर घरात कोण आळस देतो? चिरंजीव देतात, त्यांचा आळस तासभर चालतो. कन्या देते. गृहस्थ देतात आणि वर 'काय ही धावपळ' असे म्हणतात. आजोबा पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळत का होईना, पण देतात. एक व्यक्ती मात्र अशी असते की तिला आळस देताना घरातल्या कोणी पाहिलेले नसते. गजर वाजायच्या आधी ती उठलेली असते. तिचा पाय जमिनीला लागतो तो थेट स्वयंपाकघराच्या दिशेने. दूध, डबे, पाणी येण्याची वेळ, कामाला येणाऱ्या बाईंचा निरोप आणि मग स्वतःची आठ बावन्नची गाडी. रात्री सर्वांच्या शेवटी ती पाठ टेकते. वासरू असे वागते तर आपण वैद्य बोलावला असता. माणूस असे वागते तेव्हा आपण त्याला कर्तव्यदक्षता म्हणतो आणि समारंभात भाषणे करतो.

तिला विचारले तर ती म्हणेल, 'मला काही झालेलं नाही.' खरेही असेल. पण उभ्या जन्मात द्यायचा राहून गेलेला आळस कोठे तरी जमत असेलच ना? कोंबडीच्या अंगात जमतो, मग माणसाच्या अंगात जमत नसेल, असे मानायला काय आधार आहे?

आपल्या पूर्वजांनी वर्षातून एक पहाट तरी यावर उपाय योजून ठेवला आहे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान म्हणजे घरातल्या माणसांनी एकमेकांच्या अंगाची विचारपूस करण्याचा दिवस. कोमट तेल, उटणे, पाटाभोवती रांगोळी आणि खांद्यापासून मनगटापर्यंत दाबत जाणारे हात. तान्ह्या बाळाला तेल लावणारी बाई त्याचा उजवा हात आणि डावा पाय एकमेकांकडे ओढते, मग उलट ओढते आणि बाळ रडता रडता हसू लागते. आळसाचा तो पहिला धडा मोठेपणी या एका दिवशी पुन्हा गिरवायचा. पण रिवाज असा पडला आहे की तेल लावणारे हात नेहमी तेच आणि पाठी तेवढ्या बदलतात. मुलांना ती लावते. पाडव्याला पतिराजांना तीच लावते. तिची स्वतःची आंघोळ शेवटी, बंबातले पाणी संपत आलेले असताना आणि करंज्यांचे ताट मांडायची घाई झालेली असताना उरकली जाते.

तेव्हा या दिवाळीत एवढेच करावे. तेलाची वाटी तिच्या हातातून काढून घ्यावी, पाट तिच्यासाठी मांडावा आणि घरातल्या कोणाही शहाण्याने, मुलगा असो, मुलगी असो, नवरा असो, तिच्या खांद्यांना तेल लावावे. आरंभी ती 'काहीतरीच काय' म्हणेल. कढईत काही आहे का पाहा, म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नये. कढईतले एखादे कडबोळे करपले तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी तिला कोणी उठवू नये. आणि आपणहून उठल्यावर तिने खिडकीशी उभे राहून दोन्ही हात डोक्यावर नेले, पाठीची कमान केली आणि मोठ्याने, निर्लज्जपणे, अगदी कुत्र्या-मांजरासारखा आळस दिला, तर त्या घरात दिवाळी आली असे खुशाल समजावे.